जुन्या मोटारीचा तांबडा दिवा

पुष्कळ कुटुंबांत वडिलांच्या वेळची एखादी मोटार अद्याप जपून ठेविलेली आढळते. आमच्या घरीं कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेली १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. गेल्या वैशाखांत नाना, मातोश्री व वहिनी यांस घेऊन आम्ही दोघे बंधू पुण्याहून वाईस लग्नासाठीं निघालों होतों. खंबाटकीचा घाट संपतो न संपतो तोंच डॅशबोर्डवरील तेलाचा तांबडा दिवा लागला. धाकटे बंधू म्हणाले, "दादा, सुरूरचा फाटा जवळच आहे, तेथें थांबून पाहूं." मागें बसलेले नाना मात्र शांतपणें म्हणाले, "गाडी आत्तांच बाजूस घे आणि एंजिन बंद कर. मुहूर्त चुकला तरी चालेल."

नानांचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. हा दिवा तेल किती उरलें हें सांगत नाहीं. तेलाचा दाब गेला, एवढेंच सांगतो. एंजिनाच्या तळाशीं सांठलेलें तेल पंप वर खेंचतो व बेअरिंगांत दाबानें सोडतो. क्रँकशाफ्ट त्या तेलाच्या पातळ थरावर फिरत असतो. दाब गेला कीं थर तुटतो, धातूस धातू घांसतो व थोड्याच वेळांत बेअरिंगें जळून एंजिन जाम होतें. एंजिनास बसविलेल्या लहानशा स्विचांत एक पडदा व एक स्प्रिंग असते. बहुतेक जुन्या गाड्यांत दाब दर चौरस इंचास सुमारें ४ ते ७ पौंडांखालीं उतरला कीं स्प्रिंग तारेची जोडणी पुरी करते व दिवा लागतो. अर्थात् दिवा लागतो तेव्हां विचार करीत बसण्यास अवकाश उरलेला नसतो.

म्हणून प्रथम थांबावें, मग कारण शोधावें. सपाट जागीं पांच-दहा मिनिटें थांबून तेल मोजण्याची पट्टी पुसून पुन्हा घालून पाहावी. तेल खालच्या खुणेच्या खालीं असल्यास गळती शोधून भर घालावी. तेल दुधाळ दिसल्यास त्यांत पाणी शिरलें असें समजावें. पेट्रोलचा वास आल्यास फ्युएल पंपाचा पडदा फाटल्याचा संशय घ्यावा.

तेल पुरेसें व स्वच्छ असेल, तर एंजिन बंद ठेवून किल्ली फिरवावी आणि स्विचावरील तार काढावी. दिवा तसाच राहिला, तर तार कोठें तरी सोलून पत्र्यास टेकली आहे. दिवा विझला, तर दोष स्विचाचा कीं दाबाचा, हें मेकॅनिककडून त्या जागीं दाबमापक लावून ठरवावें. "स्विचच बिघडला असेल" अशी मनाची समजूत घालून गाडी हांकूं नये. गरम एंजिन मंद चालतांनाच दिवा लुकलुकत असेल व वेग देतांच विझत असेल, तर तेल पातळ झालें आहे, किंवा पंप व बेअरिंगें झिजूं लागलीं आहेत. तीही सूचनाच होय. ती पुढें ढकलूं नये.

आमच्या पट्टीस तेलाचा स्पर्शही नव्हता! आदल्या दिवशीं तेल बदलतांना तळाचा बोल्ट मींच नीट आवळला नव्हता. सबंध वाटभर तेल गळत आलें होतें. बंधूंनीं एका वाटसरूच्या गाडीनें फाट्यावर जाऊन तेल आणिलें. बोल्ट आवळून तेल भरलें, एंजिन सुरू केलें, आणि दिवा विझला. अक्षतांस आम्ही पोहोंचलों नाहीं. पंगतीस मात्र पोहोंचलों.

शेवटीं एक गोष्ट सांगावीशी वाटते. किल्ली फिरवितांच, एंजिन सुरू होण्यापूर्वीं, हा दिवा लागलाच पाहिजे. तो न लागल्यास बल्ब गेला आहे, तार सुटली आहे किंवा स्विच बिघडला आहे, आणि संकटाच्या वेळीं तो मुकाच राहील. आमच्या घरीं हें पाहण्याचें काम आतां वहिनींनीं आपल्याकडे घेतलें आहे. तांबडा दिवा स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिल्याशिवाय त्या मला गाडी सुरू करूं देत नाहींत.