‘हे खरे आहे काय?’



निवडणुकीचा गुलाल खाली बसला की पारावर एक वाक्य हमखास ऐकू येते. ‘आपला आमदार विरोधी बाकावर बसला. आता पाच वर्षे गावाला काही मिळायचे नाही.’ हे बोलणे अगदीच खोटे आहे असे मी म्हणणार नाही. रस्ता, पूल, साठवण तलाव यांची मंजुरी सत्तेतल्या माणसाच्या सहीने लवकर होते, हे तुम्हीही पाहता आणि आम्ही नोकरीतली माणसेही पाहतो. पण मंजूर झालेल्या पैशाचे पुढे काय झाले, हे विचारायचे कोणी? सत्तेतला आमदार आपल्याच मंत्र्याला भर सभागृहात अडचणीत आणील अशी अपेक्षा धरणे भाबडेपणाचे आहे. ते काम विरोधी बाकावरच्या माणसाचे. ते कसे चालते, याची आपल्या घरांत फारशी माहिती नसते, म्हणून हा लेख.

विरोधी आमदाराच्या हातात तिजोरीची किल्ली नसते. त्याच्या हातात एक कागद असतो आणि त्या कागदाचे नाव तारांकित प्रश्न. आपल्या विधानसभेतल्या या प्रश्नाची भाषा ठरलेली आहे. ‘अमुक गावी अमुक काम झाले नसतानाही देयक अदा करण्यात आले, हे खरे आहे काय? असल्यास, चौकशी केली आहे काय? चौकशीनुसार काय कारवाई केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ कामकाजाच्या दिवशी पहिला तास अशा प्रश्नांचा असतो. मंत्र्याने उभे राहून उत्तर द्यायचे आणि त्यावर इतर सदस्यांनी उपप्रश्न विचारायचे. तारा नसलेल्या प्रश्नाला नुसते लेखी उत्तर मिळते. याशिवाय लक्षवेधी सूचना असते, अर्थसंकल्पावर कपात सूचना असते. पण मूळ पीक प्रश्नाचेच.

एक प्रश्न विधानभवनातून निघाला की कुठवर पोहोचतो, हे मी विस्तार अधिकारी म्हणून अनेक वर्षे पाहिले आहे. मंत्रालयातून पुण्याच्या आयुक्तालयात, तिथून विभागाला, विभागातून जिल्ह्याला आणि जिल्ह्यातून तालुक्याला. कचेरीत त्याला सगळे ‘एलएक्यू’ म्हणतात. एलएक्यू आला म्हणजे रजा बंद, कपाटे उघडी, आणि रात्री नऊ वाजता फोन. एरवी तुमचा अर्ज टेबलावर तीन महिने पडलेला असतो, पण एलएक्यूचे उत्तर दोन दिवसांत वर जाते! एका तालुक्यात नालाबांधाच्या कामावर असा प्रश्न आला होता. प्रश्नात गट नंबर होता, वर्ष होते, देयकाची रक्कम होती. मोजमाप पुस्तिका उघडावी लागली. तिच्यात बांध पूर्ण, जागेवर जुनाच मातीचा ढिगारा. तिसऱ्या दिवशी तिथे जेसीबी येऊन उभा राहिला. काम झाले एकदाचे. वसुलीचे पुढे काय झाले ते मी विचारू नये अशीच माझी जागा होती.

त्याच अधिवेशनात शेजारच्या तालुक्याचाही एक प्रश्न होता. ‘तालुक्यातील कृषी योजनांत मोठ्या प्रमाणात भ्रष्टाचार होत आहे, हे खरे आहे काय?’ त्याचे उत्तर तीन शब्दांचे होते: ‘हे खरे नाही.’ पुढच्या सगळ्या पोटप्रश्नांना ‘प्रश्न उद्भवत नाही.’ संपले. दोन्ही आमदार विरोधी पक्षाचेच होते. एकाच्या हातात गट नंबर होता आणि दुसऱ्याच्या हातात नुसता राग.

प्रश्नामागे माहिती असली आणि विचारणारा चिवट असला म्हणजे सरकारची किती धांदल उडते, याचे एक जुने उदाहरण दिल्लीचे आहे. त्यात आपला एक मराठी माणूस पुढे होता, म्हणून सविस्तर सांगतो.

मधू लिमये हे पुण्याचे. जन्म १९२२ चा. समाजवादी. १९५५ मध्ये गोवामुक्तीच्या सत्याग्रहात पोर्तुगीजांनी त्यांना बारा वर्षांची शिक्षा ठोठावली होती. ते १९६४ मध्ये पोटनिवडणुकीत लोकसभेवर निवडून आले, तेही महाराष्ट्रातून नव्हे, बिहारमधल्या मुंगेरमधून. नंतर ते बांका मतदारसंघातून निवडून गेले. दूरदेशीच्या शेतकऱ्यांनी एका मराठी माणसाला चार वेळा संसदेत पाठवले. सभागृहाच्या नियमांचे पुस्तक त्यांना कोळून प्यायल्यासारखे ठाऊक होते. आरडाओरड करून बाहेर पडण्यापेक्षा नियम दाखवून मंत्र्याला जागेवर खिळवायचे, ही त्यांची पद्धत. ते उभे राहिले की मंत्री फायली चाळू लागत, अशी त्यांची ख्याती होती.

तो काळ टंचाईचा आणि परवान्यांचा. परदेशातून माल आणायचा तर आयातीचा परवाना लागे, आणि परवाना हाती आला की मालापेक्षा कागदालाच किंमत येई. पाँडिचेरी आणि माहे भागातल्या काही व्यापाऱ्यांना असे परवाने हवे होते. त्यांच्यासाठी १९७२ च्या अखेरीस त्या खात्याच्या मंत्र्यांकडे एक निवेदन गेले. निवेदनावर थोड्याथोडक्या नव्हे, २१ खासदारांच्या सह्या! पुढे परवाने निघाले. १९७४ मध्ये संसदेत याबद्दल विचारणा सुरू झाली आणि ज्यांची नावे त्या कागदावर होती, त्यांतले बहुतेक जण म्हणू लागले की सही आमची नाही. सह्या बनावट होत्या. सोसायटीच्या कर्जात मेलेल्या माणसाचा अंगठा उठलेला तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. इथे तेच होते, फक्त अंगठे खासदारांचे.

या प्रकरणात नाव आले ते सत्तारूढ काँग्रेस पक्षाचे बिहारमधले खासदार तुलमोहन राम यांचे. निवेदन गेले तेव्हा त्या खात्याचे मंत्री ललित नारायण मिश्र होते. १९७४ मध्ये ते रेल्वेमंत्री होते. विरोधकांचे म्हणणे साधे होते. एकटा साधा खासदार एवढे करू शकत नाही. परवाने कोणाच्या शेऱ्याने निघाले, ते सांगा. सरकारने चौकशी सीबीआयकडे दिली आणि १९७४ च्या नोव्हेंबरात तुलमोहन राम यांच्यावर आरोपपत्रही ठेवले. आता प्रकरण न्यायालयात आहे, सभागृहात चर्चा नको, आणि सीबीआयचा अहवाल गोपनीय आहे, अशी भूमिका सरकारने घेतली.

इथे खरी झुंज लागली. मधू लिमये, अटलबिहारी वाजपेयी, ज्योतिर्मय बसू अशी भिन्न पक्षांची माणसे एका मुद्द्यावर एकत्र आली: अहवाल सभागृहापुढे ठेवा. हक्कभंगाच्या सूचना आल्या, नियमांवर वाद झाले. हिवाळी अधिवेशनात या एका विषयाने कितीतरी दिवस खाल्ले. मोरारजी देसाई तर सभागृहातच सत्याग्रहाला बसण्याच्या गोष्टी बोलू लागले. शेवटी सरकार थोडे नमले. अहवाल जाहीर केला नाही, पण गुप्ततेच्या अटीवर विरोधी नेत्यांना तो वाचू दिला. एवढेच? होय, एवढेच. मंत्र्याचे मंत्रिपद त्यावरून गेले नाही. पण जो कागद सरकार कपाटाबाहेर काढायलाच तयार नव्हते, तो विरोधकांनी आपल्या डोळ्यांनी वाचला. याआधी तसे सहसा घडत नसे.

पुढे सहा महिन्यांनी, जून १९७५ मध्ये, आणीबाणी आली. लिमये तुरुंगात गेले आणि संसदेचा प्रश्नोत्तराचा तासच बंद ठेवण्यात आला. संसदेतले बोलणे छापणाऱ्या वृत्तपत्रांना संरक्षण देणारा १९५६ चा एक कायदा होता. तो १९७६ मध्ये रद्द केला गेला आणि १९७७ मध्ये सरकार बदलल्यावर पुन्हा आणावा लागला. हा कायदा मुळात आणला होता फिरोज गांधी यांनी, खासगी विधेयक म्हणून. ते काँग्रेसचे, म्हणजे सत्तेच्या बाकावरचे. तरीही १९५७ च्या डिसेंबरात त्यांनी आयुर्विमा महामंडळाने मुंदडा नावाच्या उद्योगपतीच्या कंपन्यांत सव्वा कोटीच्या घरात रुपये कसे गुंतवले, ते सभागृहात मांडले. न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईत उघड चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. सत्तेच्या बाकावरून असे करणारा क्वचितच निघतो, म्हणून तर त्यांचे नाव अजून घेतात. विरोधी बाकावरच्याचे मात्र ते रोजचे काम आहे, आणि त्यासाठी सरकारी तिजोरीतूनच त्याची सोय केलेली आहे. संसदेतल्या विरोधी पक्षनेत्याला पगार आणि भत्ते देणारा कायदा १९७७ चा. त्या वर्षी लोकसभेत विरोधी पक्षनेते होते आपले यशवंतराव चव्हाण! आयुष्यभर सत्तेत वावरलेला माणूस समोरच्या बाकावर बसला, तेव्हा त्या बाकाची किंमत कायद्याने ठरली, हा योगायोग मला मोठा गमतीचा वाटतो.

प्रश्नाखेरीज एक दुसरे अवजार आहे. ते गाजत नाही, पण खोल नांगरते. सरकारच्या खर्चाचे हिशेब महालेखापालांची माणसे तपासतात. महाराष्ट्रात त्यांची कचेरी मुंबईला आहे आणि नागपूरलाही आहे. त्यांचा अहवाल विधिमंडळापुढे ठेवावाच लागतो, ते राज्यघटनेतच लिहिले आहे. मग लोकलेखा समिती तो अहवाल घेऊन खात्याच्या सचिवांना समोर बसवते आणि ओळीओळीवर विचारते. संसदेच्या या समितीत २२ सदस्य असतात आणि मंत्र्याला तिथे जागा नसते. १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा पायंडा पडला. पहिले विरोधी अध्यक्ष मिनू मसानी. अहवाल उशिरा येतात, तोवर अधिकारी निवृत्त झालेला असतो, हा दोष खरा आहे. पण ‘लेखापरीक्षणात निघेल’ या भीतीने कितीतरी चुकीच्या सह्या थांबतात, हे मी कचेरीत बसून पाहिलेले आहे.

आता दुसरी बाजू. विरोधी बाकावर बसला म्हणून माणूस धुतल्या तांदळाचा होत नाही. प्रश्न विचारतो म्हणायचे, ठेकेदाराला निरोप धाडायचा आणि मग प्रश्न गुंडाळायचा, असे प्रकार होतात अशी कुजबुज तुम्हीही ऐकली असेल. उघडकीला आलेली उदाहरणेही आहेत. १९५१ मध्ये मुद्गल नावाच्या खासदारांना मुंबईच्या सोने-चांदी व्यापाऱ्यांच्या संघटनेशी केलेल्या पैशाच्या व्यवहारावरून जावे लागले. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेताना छुप्या कॅमेऱ्यात सापडलेल्या ११ खासदारांना संसदेने काढून टाकले, आणि त्यांत सत्तेतले होते तसे विरोधकही होते. सभागृहात जे बोलले त्याबद्दल आमदारावर खटला भरता येत नाही, हे संरक्षण घटनेने दिले आहे. पण बोलण्यासाठी किंवा मतासाठी लाच घेतली तर ते संरक्षण मिळणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी मार्च २०२४ मध्ये स्पष्ट केले. म्हणून आपल्या आमदाराने किती प्रश्न विचारले एवढेच मोजू नका. उत्तर आल्यावर तो पुढे काय करतो ते बघा. ‘चौकशी सुरू आहे’ हे उत्तर आल्यावर पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न पुन्हा टाकणारा आमदार पक्का समजा.

आणि त्याला बी-बियाणे तुम्हीच पुरवायचे आहे. मुंबईत बसून त्याला तुमच्या शिवारातला न झालेला बांध दिसत नाही. पूर्वी हे कागद मिळवणे फार अवघड होते. महाराष्ट्रात २००२ मध्ये आणि सगळ्या देशात २००५ मध्ये माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला. दहा रुपयांचे शुल्क भरून अर्ज करायचा. तीस दिवसांत माहिती द्यावी लागते. अर्जात ‘सर्व माहिती द्यावी’ असे लिहू नका. अमुक वर्षाची, अमुक गावची लाभार्थी यादी, हजेरीपट, मोजमाप पुस्तिकेची नक्कल आणि देयकाची प्रत, अशी नावे घेऊन मागा. रोजगार हमीचे हजेरीपट तर आता संगणकावरही पाहता येतात. घरात शिकलेली सून किंवा मुलगी असेल तर तिला ते काम सांगा. आपल्या गावची नावे वाचताना ज्यांना गाव सोडून दहा वर्षे झाली त्यांची हजेरी कुठे लागली आहे का, हे तिला लगेच कळेल.

मग जागेवर जा. गट नंबर लिहून घ्या, फोटो काढा, शेजारच्या दोघांच्या सह्या घ्या. खऱ्या सह्या, बरे का! ज्याने कामात पैसे खाल्ले असे वाटते त्याचे नाव घेऊन आरोप लिहू नका. कागदावर काय आहे आणि जमिनीवर काय आहे एवढेच दोन ओळींत मांडा. ते आपल्या आमदाराला द्या. तो सत्तेत असेल तर त्यालाही द्या, पण एक प्रत विरोधी बाकावरच्या आमदाराला पाठवा, तो शेजारच्या मतदारसंघाचा असला तरी चालतो. राज्यातल्या कोणत्याही गावाबद्दल प्रश्न विचारण्याचा त्याला अधिकार आहे.

एक वेळापत्रक मात्र ध्यानात ठेवा. प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावी लागते. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईला भरते, हिवाळी अधिवेशन नागपूरला, बहुधा डिसेंबरात. नागपूरला प्रश्न यायला हवा असेल तर कागद दिवाळीच्या आधी आमदाराच्या हाती पडले पाहिजेत, म्हणजे माहितीचा अर्ज सोयाबीन काढणीच्या आधीच टाकायला हवा.