नाव पडणे, नाव घेणे : मराठी टोपणनावांची जडणघडण

मराठीत ‘नाव’ या शब्दाभोवती क्रियापदांचा मोठा परिवार जमला आहे. बारशाच्या दिवशी आत्या नाव ठेवते. शाळेत आणि सातबाऱ्यावर बापाचे व घराण्याचे नाव लावले जाते. नवविवाहिता उखाण्यात पतीचे नाव घेते. कर्तबगार मुलगा घराण्याचे नाव काढतो. ‘नाव ठेवणे’ याचेच अनेकवचन केले, की त्याचा अर्थ दोष काढणे असा होतो, हेही लक्षणीय आहे. या परिवारातील ‘नाव पडणे’ हा प्रयोग वेगळा उठून दिसतो, कारण त्यात कर्ता नसतो. चारचौघांत एखाद्याला त्याच्या खोडीवरून किंवा फजितीवरून एक नाव पडते. ते कोणी पाडले हे सहसा सांगता येत नाही, आणि ज्याला पडले त्याची संमती कोणी विचारलेली नसते.

नाव पडणे आणि नाव घेणे हा भेद आजच्या व्यवहारातही जिवंत आहे. लांबच्या प्रवासाला एकत्र निघणाऱ्या मोटरसायकलस्वारांच्या मेळ्यात एखाद्याला वाटेतील एका घसरणीवरून जन्माचे नाव पडते. तोच गृहस्थ संगणकाच्या पडद्यावर मात्र स्वतः निवडलेले, बहुधा अधिक शूर नाव धारण करतो. पहिल्या नावात त्याच्याविषयीचे इतरांचे मत असते, दुसऱ्यात त्याची स्वतःविषयीची इच्छा असते. मराठी वाङ्मयात टोपणनावांची जी दीर्घ परंपरा आहे, तिच्याकडे या दुहेरी दृष्टीने पाहिले, तर काही अनपेक्षित गोष्टी हाती लागतात.

‘टोपण’ म्हणजे झाकण. शब्दावरून पाहता टोपणनावाचे प्रयोजन लपविणे हेच असावयास हवे. प्रत्यक्षात मराठी कवींनी घेतलेली बहुतेक नावे काहीच लपवीत नाहीत. त्यांचे मूळ संतांच्या नाममुद्रेत आहे. अभंगाच्या शेवटच्या चरणात येणारी मुद्रा हा रचनेचाच घटक असतो; ती काढली तर छंद उणा पडतो. तेथे नाव सहसा एकटे येत नाही. एकनाथ स्वतःचे नाव गुरू जनार्दनस्वामींच्या नावाला जोडूनच उच्चारतात. जनाबाई नामदेवाची दासी म्हणून आपली ओळख देते. सोयराबाई पती चोखामेळ्याचे आणि स्वतःच्या जातीचे नाव एकाच मुद्रेत गुंफते. अमुकाचा शिष्य, अमुकाची दासी, अमुकाची पत्नी अशा नात्याच्या द्वाराने कवी आपल्या कवितेत प्रवेश करतो. फार्सी-उर्दू गझलेतील तखल्लुसही शेवटच्या शेरात येतो, परंतु त्याची प्रकृती निराळी आहे. गालिबने प्रथम ‘असद’ आणि नंतर ‘गालिब’ असे नाव घेतले, ते स्वतःच्या गुणाचे, पराक्रमाचे नाव होते. कोणाचा तरी कोणीतरी असणे ही तखल्लुसची अट नव्हे.

छापखाना आल्यावर नाव चरणातून निघून कवितेच्या माथ्यावर किंवा पायथ्याशी स्वतंत्र ओळीत जाऊन बसले. याच संधिकालात कृष्णाजी केशव दामले (१८६६–१९०५) यांनी ‘केशवसुत’ हे नाव घेतले. आधुनिक मराठी कवितेचे जनकत्व त्यांच्याकडे दिले जाते ते मुख्यतः व्यक्तीच्या मुक्त आविष्कारासाठी, रूढीविरुद्धच्या बंडासाठी. अशा कवीने स्वतःसाठी घेतलेले नाव मात्र ‘केशवाचा मुलगा’ एवढेच सांगते. हा विरोधाभास वरवर वाटतो तितका सोपा नाही. मराठी माणसाचे लौकिक नाव तीन पदांचे असते : स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव. केशवसुतांनी त्यांपैकी पहिले आणि तिसरे टाकले, व मधले तेवढे ठेवून त्यालाच संपूर्ण नाव केले. आडनाव गेले म्हणजे जात, पोटजात आणि पुष्कळदा गावही गेले. उरला तो केवळ एका माणसाशी असलेला संबंध. कुळातून बाहेर पडण्याची ही वाट कुटुंबाच्या दारातूनच जाते.

त्यानंतर या वळणाच्या नावांची रीतच पडली. डॉ. काशिनाथ हरि मोडक हे ‘माधवानुज’ झाले, राम गणेश गडकरी (१८८५–१९१९) ‘गोविंदाग्रज’ झाले. गडकऱ्यांनी कवितेसाठी धाकट्या भावाचे नाव पुढे केले आणि विनोदासाठी ‘बाळकराम’ हे दुसरे नाव वापरले. नाटकांवर मात्र त्यांचे स्वतःचेच नाव राहिले. एकाच लेखकाच्या तीन वाङ्मयप्रकारांना तीन नावे, अशी ही वाटणी आहे. प्रल्हाद केशव अत्रे यांनी ‘केशवकुमार’ या नावाने ‘झेंडूची फुलें’ (१९२५) हा विडंबनसंग्रह काढला. त्यांच्या वडिलांचे नाव खरोखरच केशव होते, त्यामुळे नाव तंतोतंत खरे होते. पण केशवसुतांच्या नावाला सरावलेल्या कानाला ते आपोआप विडंबनासारखे ऐकू येते. विडंबनकाराला याहून सोयीचे नाव मिळणे कठीण.

नात्याच्या नावांतील सर्वांत अर्थपूर्ण उदाहरण विष्णु वामन शिरवाडकर (१९१२–१९९९) यांचे आहे. जन्माने ते गजानन रंगनाथ शिरवाडकर. काकांकडे दत्तक गेल्यावर त्यांचे स्वतःचे नाव आणि पित्याचे नाव ही दोन्ही बदलली. लौकिक नाव कायद्याने व विधीने असे पालटले जाऊ शकते, हे ज्याने बालपणीच अनुभवले, त्याने कवी म्हणून सहा भावांमध्ये एकुलती एक असलेल्या धाकट्या बहिणीचा, कुसुमचा, ‘अग्रज’ होणे पसंत केले. ‘गोविंदाग्रज’ हा नमुना समोर होता. परंतु बहिणीच्या नावाने ओळखला जाणारा भाऊ ही मराठी समाजरीतीत वेगळीच गोष्ट होती. पुढे ‘विशाखा’ (१९४२) कुसुमाग्रजांची राहिली आणि ‘नटसम्राट’ (१९७०) वि. वा. शिरवाडकरांचे.

इतर भारतीय भाषांकडे नजर टाकली, की ही प्रवृत्ती केवळ मराठीची नाही हे दिसते. पण तिचे रूप बदलते. धारवाडचे द. रा. बेंद्रे यांची घरची भाषा मराठी, काव्यभाषा कन्नड, आणि काव्यनाम ‘अंबिकातनयदत्त’. येथे सुत आहे, पण तो आईचा आहे. वडील लहानपणीच वारल्यामुळे ज्या मुलाचा सांभाळ आईने केला, त्याने मधले नाव म्हणून आईला आणून बसविले, असे या नावाचे वर्णन करता येईल. तमिळमधील ‘भारतीदासन’ हे नाव गुरुसंबंधाचे आहे आणि मराठी संतांच्या मुद्रेशी त्याचे नाते केशवसुतांच्या नावापेक्षा जवळचे आहे. हिंदीत हरिवंशराय श्रीवास्तव यांचे घरातील लाडके नाव ‘बच्चन’ हे कविनाम झाले आणि पुढच्या पिढीत ते आडनाव होऊन बसले. घरात पडलेले नाव, कवीने घेतलेले नाव आणि वारसांनी लावलेले नाव या तिन्ही अवस्थांतून एकच शब्द गेल्याचे असे उदाहरण मराठीत सहजी सापडत नाही.

मराठीतही एक ‘बालक’ आहे. त्र्यंबक बापूजी ठोमरे (१८९०–१९१८) यांना १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ ही पदवी अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांच्याकडून लाभली. तेव्हा त्यांचे वय सतरा होते. हे नाव त्यांनी घेतलेले नाही. ते सभेने दिलेले आहे, आणि गौरवाचे असले तरी ‘पडलेल्या’ नावाचे सर्व धर्म त्यात आहेत. ज्या क्षणाचे ते नाव होते तो क्षण सरला, कवी प्रौढ झाला, त्याच्या कवितेत उदासीनतेचे गडद रंग उतरले. नाव मात्र सतरा वर्षांचेच राहिले. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात त्यांचा अंत झाला आणि नावावर कायमची मोहोर उमटली. बालकवींच्या कवितेतील निरागसतेवर समीक्षेने जो भर दिला, त्यातला काही वाटा या नावाचाही असावा. वाचक कविता वाचण्याआधी नाव वाचतो, ही गोष्ट समीक्षेच्या हिशेबात सहसा धरली जात नाही.

रविकिरण मंडळाच्या (१९२३) काळात नात्याची नावे मागे पडून सुटी, एकेरी नावे आली : ‘यशवंत’, ‘गिरीश’, ‘दिवाकर’. त्याच सुमारास विदर्भातून ‘अनिल’ आले. नारायण मुरलीधर गुप्ते यांनी तर ‘बी’ या एकाच अक्षरावर भागविले. मराठी कानाला ते बीज वाटते आणि इंग्रजी जाणणाऱ्याला मधमाशी. माधव त्र्यंबक पटवर्धन यांचे ‘माधव जूलियन’ हे नाव मात्र क्षणभर थांबून पाहण्यासारखे आहे. फार्सीचा हा पंडित, मराठीत गझल रुजविणारा, पुढे भाषाशुद्धीचा कट्टर पुरस्कर्ता झाला. आपल्या जुन्या कवितेतील परकीय शब्दांविषयी त्याला संकोच वाटू लागला. तरीही इंग्रजी साहित्याच्या वाचनातून आलेले ते परके नाव त्याच्या नावाला चिकटून राहिले. घेतलेले नाव एकदा वाचकांच्या तोंडी बसले, की तेही पडलेल्या नावासारखे वागू लागते आणि घेणाऱ्याच्या हाती राहत नाही. दिनकर गंगाधर केळकर यांनी कवितेसाठी ‘अज्ञातवासी’ हे नाव घेतले. पण त्यांनी जमविलेल्या पुण्यातील वस्तुसंग्रहालयाला अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव दिले. ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ या नावात बाप मुलाच्या मधल्या नावाच्या जागी उभा आहे. केशवसुतांची रीत येथे उलटी झाली आहे.

खरे झाकण कोठे लागले, हे पाहावयाचे तर कवितेकडून गद्याकडे वळले पाहिजे. गोपाळ हरि देशमुख हे सरकारी नोकरीत होते. १८४८ पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात स्वजातीवर कोरडे ओढणारी पत्रे त्यांनी ‘लोकहितवादी’ या नावाखाली लिहिली. तरीही हे नाव टोपणनाव असल्याचे उघडपणे सांगणारे होते. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ या कथासंग्रहावर ‘विभावरी शिरूरकर’ हे नाव आले, तेव्हा प्रकार पालटला. शिरूर हे पुणे जिल्ह्यातील खरे गाव, ‘-कर’ हा आडनावाचा रूढ प्रत्यय. नाव एखाद्या हयात स्त्रीचे वाटावे असेच रचलेले होते. शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित मुलींची कोंडी आणि त्यांच्या शरीरमनाच्या मागण्या इतक्या उघडपणे लिहिणारी ही कोण, याचा शोध सुरू झाला. कथांवर गदारोळ झालाच, आणि ही कोणी स्त्री आहे की स्त्रीच्या नावाआड लपलेला पुरुष, हा प्रश्नही चर्चेत येई. कवींच्या टोपणनावांबाबत असा प्रश्न कोणी विचारला नव्हता, कारण त्यांच्या बाबतीत पणाला लागण्यासारखे फारसे काही नव्हते. शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्या एका स्त्रीच्या बाबतीत उपजीविका आणि प्रतिष्ठा ही दोन्ही पणाला लागली होती.

त्या लेखिकेचे माहेरचे नाव बाळूताई खरे. १९३८ मध्ये विश्राम बेडेकर यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. मराठी स्त्रीची तिन्ही नावे विवाहाबरोबर बदलू शकतात. पहिले नावही बदलण्याची प्रथा आहे. पुरुषाला दत्तकविधीने क्वचित जे घडते ते स्त्रीला रीतीने घडते. या दृष्टीने बाळूताई आणि मालतीबाई ही दोन्ही नावे इतरांनी दिलेली ठरतात, आणि ज्याला खोटे म्हटले गेले ते ‘विभावरी शिरूरकर’ एवढेच तिने स्वतः घेतलेले नाव ठरते. रहस्य उघड झाल्यानंतरही ‘बळी’ (१९५०) ही कादंबरी त्याच नावाने निघाली, याचा अर्थ झाकणाची गरज संपली तरी नावाची गरज संपली नव्हती. पुढे चिं. त्र्यं. खानोलकरांनी कवितेसाठी ‘आरती प्रभू’ असे स्त्रीनाम घेतले, शांता शेळके यांनी काही गीतांसाठी ‘वसंत अवसरे’ असे पुरुषनाम घेतले. तोवर लिंगांतराने कोणी बिचकत नव्हते. जयवंत दळवींनी तर ‘ललित’ मासिकात रिकाम्या भांड्याचा आवाज करणारे ‘ठणठणपाळ’ हे नाव धारण करून साहित्यिकांना नावे ठेवण्याचाच उद्योग केला.

दलित आत्मकथनांच्या उदयाबरोबर हा प्रश्न पुन्हा एकदा गंभीर झाला. शूद्राचे नाव जुगुप्सादर्शक असावे, असे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. ‘दगडू’, ‘धोंडू’ अशी नावे मुले दगावू नयेत म्हणून महाराष्ट्रात अनेक जातींत ठेवली जात. महर्षी कर्वे यांचे ‘धोंडो’ हे नावही त्याच अर्थाचे आहे. म्हणजे शब्द तोच असतो. तो कोणाच्या तोंडून कोणाला उद्देशून निघतो यावर त्याचा भार ठरतो. धोंडोपंतांना ‘पंत’ मिळतो. दगडूला मिळत नाही. दगडू मारुती पवार यांनी लेखक म्हणून ‘दया पवार’ हे नाव घेतले आणि ‘बलुतं’ (१९७८) लिहिताना ही दोन नावे समोरासमोर बसविली. शहरात स्थिरावलेला, सुशिक्षित दया पवार ऐकतो आणि दगडू आपली कहाणी सांगतो, अशी त्या पुस्तकाची योजना आहे. आतापर्यंतच्या टोपणनावांत घेतलेले नाव बोलत असे आणि मूळ नाव गप्प राही. येथे बोलण्याचा अधिकार पडलेल्या नावाकडे गेला आहे. घेतलेले नाव श्रोता झाले आहे, आणि आपल्यातच राहणाऱ्या या माणसाला त्याला टाळताही येत नाही. मुखपृष्ठावर मात्र ‘दया पवार’ असेच छापलेले आहे.