वर्दी आणि तिची पोच

वारसाची नोंद रखडली म्हणजे शेतकरीवर्ग तलाठ्यास दोष देतो. दोष पुष्कळदा खराच असतो. तथापि तो शाबीत करावयास कागद लागतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १४९ प्रमाणे हक्क प्राप्त झाल्यापासून ३ महिन्यांचे आत वर्दी द्यावयाची असते, व ती मिळताच तलाठ्याने लेखी पोच दिली पाहिजे. आपले लोक ही पोच मागतच नाहीत. मागितली तर रोष होईल असे त्यांस वाटते.

प्रस्तुत लेखक कारकून असता एक विधवा बाई तोंडी वर्दी देऊन दोन वर्षे खेपा घालीत होती. उतारा मयताच्या नावे, म्हणून पेरणीस सोसायटीचे कर्ज मिळेना. पुढे चौकशी झाली, तेव्हा वर्दी आलीच नाही असे आम्ही बेधडक लिहून दिले. तिजपाशी तारखेचा चिटोरा असता, तर आमची तशी छाती झाली नसती.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवेच्या अर्जाची पोच तारीख, क्रमांक व मुदतीसह मिळते. मुदत टळल्यास ३० दिवसांत प्रथम अपील करता येते; कसूरदार अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये शास्ती आहे. मात्र मुदत मोजतात ती सर्व कागदांसह अर्ज पोचल्यापासून. सबब मृत्यूचा दाखला प्रथमच जोडावा.