सहेरीच्या वेळचा टीव्ही

रमजानमध्ये घराचे घड्याळ बदलते. पहाटे चारला स्वयंपाकघरात दिवा लागतो, साडेचारला सगळे सहेरीला बसतात, आणि पहिलाच रोजा धरणारी आठ-दहा वर्षांची मुलेही हट्टाने उठतात. रात्रीचेही तसेच. इशाच्या नमाजेनंतर तरावीहची लांब नमाज असते. वडील मशिदीत, आई उद्याच्या तयारीत आणि मुले बैठकीच्या खोलीत. त्या वेळात मुलांना सांभाळण्याचे काम बहुतेक घरी टीव्ही करतो.

या वेळांचे एवढे काय, ते सांगते. २०११ साली वाहिन्यांच्या संघटनेने स्वतःसाठी एक नियमावली केली. तिच्यात कार्यक्रमांचे दोन गट आहेत : सर्वांनी पाहण्याजोगे आणि मर्यादित प्रेक्षकांसाठीचे. दुसऱ्या गटाला वेळ दिली रात्री ११ ते पहाटे ५. तेव्हा मुले झोपलेली असतात, हा हिशेब. आमच्या मोहल्ल्यात तो रमजानचा महिनाभर चुकतो. गणपतीतल्या जागरणाला आणि दिवाळीच्या पहाटे तुमच्याकडेही चुकत असणार. केबल कायद्याखालची कार्यक्रम संहिता सांगते की, जास्तीत जास्त मुले टीव्ही पाहत असतात त्या वेळी त्यांना अयोग्य असे काही दाखवू नये. पण ती वेळ कोणती, हे कुठेतरी दूर बसून ठरते. आपल्या घरातली मुले कधी जागी असतात, ते फक्त आपल्याला माहीत.

कुरआनातील सूरह नूरमध्ये याच्या जवळ जाणारा एक आदेश आहे. पहाटेच्या नमाजेपूर्वी, दुपारच्या विश्रांतीच्या वेळी आणि इशाच्या नमाजेनंतर, अशा तीन वेळी लहान मुलांनीही मोठ्यांकडे विचारूनच आत यावे. मला त्यातला व्यवहारीपणा आवडतो. उर्दूत ज्याला हया म्हणतात, त्याला मराठीतला ‘लज्जा’ हा शब्द पुरा पडत नाही. कोणासमोर काय यावे आणि काय येऊ नये, याचे भान म्हणजे हया. आता गंमत अशी की, मुलाला मोठ्यांच्या खोलीत जावेच लागत नाही. ती खोलीच न विचारता बैठकीत येते.

मग सरळ बंदीच का मागू नये? मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील प्राध्यापिका प्रतिभा नैथानी यांनी २००४ साली याच प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. ‘ए’ प्रमाणपत्राचे चित्रपट टीव्हीवर सर्रास दाखवले जात. न्यायालयाने ते थांबवले. याचिका योग्यच होती, असे मी आजही मानते. पण २००६ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत पोलिसांची कारवाई सुरू झाली, तेव्हा केबलवाल्यांनी धास्तीने चित्रपटांच्या वाहिन्याच बंद केल्या. सरसकट उपायाचे हे असे होते. साधा कौटुंबिक सिनेमा पाहणारे आजोबाही त्यात सापडतात. शेजाऱ्याने त्याच्या घरी काय पाहावे, हे मला ठरवायचे नाही. माझ्या घरी काय येऊ नये, एवढे मात्र मला ठरवता आले पाहिजे.

कागदावर तो हक्क आपल्याला मिळालेला आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या नव्या व्यवस्थेनुसार १ फेब्रुवारी २०१९ पासून प्रत्येक वाहिनीची वेगळी किंमत जाहीर करावी लागते. हवी ती घ्यावी, नको ती सोडावी. सुरुवातीला १०० वाहिन्यांपर्यंत १३० रुपये आणि कर असे मूळ शुल्क होते, सशुल्क वाहिन्यांचे पैसे त्यावर.

व्यवहारात काय होते? माझ्या एका विद्यार्थिनीच्या आईने केबलवाल्याला चार-पाच वाहिन्या काढून टाकायला सांगितले. तो म्हणाला, “ताई, कमी केल्या तर बिल वाढेल!” ऐकायला विनोद वाटतो, पण तो खोटे बोलत नव्हता. कंपनीचा गुच्छ स्वस्त असतो आणि सुट्या वाहिन्या महाग पडतात. मुलांची कार्टूनची वाहिनी हवी तर तिच्या गळ्यात गळा घालून दुसरी एखादी येतेच. गुच्छावर फार मोठी सूट देऊन सुट्या निवडीला अर्थ उरू नये असे होऊ नये, म्हणून ट्रायने २०२२ मध्ये ही सूट ४५ टक्क्यांवर रोखली. तरीही फरक राहतोच. त्या माउलीने महिन्याला थोडे जास्त देऊन वाहिन्या काढल्या. प्रत्येक घराला ते परवडेल असे मी म्हणणार नाही.

ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी सेट टॉप बॉक्समध्ये कुलूप असते. सेटिंगमध्ये जाऊन चार अंकी पिनने वाहिनी बंद करता येते. बॉक्ससोबत ०००० किंवा १२३४ असा पिन आला असेल, तर तो आधी बदला. मुलांना तो आपल्याआधी सापडतो. आणि नवा पिन म्हणून त्यांचे जन्मसाल ठेवू नका.

कुलपाने भागत नाही ते मालिकांच्या झलकांपुढे. रात्री अकराच्या मालिकेची झलक संध्याकाळी सहाला, चांगल्या कार्यक्रमाच्या मधेच येते. इफ्तारच्या दस्तरखानावर खजूर हातात असताना आजी, नातू, सून सगळे एकदम मान खाली घालतात. तिथे तक्रार हाच मार्ग. २०२१ च्या नियमांनुसार कार्यक्रमाबद्दलची तक्रार आधी थेट वाहिनीकडे करायची, तिने ती १५ दिवसांत निकाली काढायची. समाधान झाले नाही तर वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे जाता येते, आणि त्यानंतर सरकारकडे.

तक्रारीत वाहिनीचे नाव, तारीख, वेळ आणि नेमके काय दिसले ते लिहावे लागते. “टीव्हीवर काहीही दाखवतात” एवढ्यावर कोणी काही करत नाही. सहेरी-इफ्तारचे छापील वेळापत्रक आमच्याकडे प्रत्येक घराच्या भिंतीवर असते. आज कोणती तारीख आणि किती वाजले, हे त्यात आधीच आहे. मागची बाजू बहुधा कोरी असते. शेजारी एक पेन्सिल बांधून ठेवायची.