ऑर्डरीचं चित्र आणि मनातलं चित्र

दिवाळी अंक हातात आला की आपण मुखपृष्ठ न्याहाळतो आणि मग अनुक्रमणिकेकडे वळतो. कथेच्या डोक्यावर छापलेलं चित्र कोणी काढलं, हे पाहायला फारसं कोणी थांबत नाही. त्या चित्रकाराला कथा आधी वाचायला दिलेली असते, जागेचं माप सांगितलेलं असतं आणि चित्र कधी हवं तेही ठरलेलं असतं. मराठी चित्रकारांच्या कितीतरी पिढ्या याच कामावर जगल्या. मडगावात जन्मलेल्या दीनानाथ दलालांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ काढला, १९४५ साली ‘दीपावली’ हा अंक सुरू केला, आणि हजारो मुखपृष्ठांच्या धबडग्यातून वेळ काढून निसर्गचित्रं रंगवली. हुसेन सिनेमाचे फलक रंगवायचे, पुढे लाकडी खेळणी आणि फर्निचरची डिझाइनं करायचे. प्रभाकर बरवे विणकर सेवा केंद्रात कापडासाठी नमुने करत बरीच वर्षं नोकरीत होते, आणि त्याच काळात त्यांचं स्वतःचं चित्र आकाराला येत गेलं. तिघांच्या वाटा वेगळ्या, पण क्रम सारखाच: आधी पोटाचं काम, मग सवड मिळेल तसं आपलं चित्र.

पालघर जिल्ह्यात, डहाणू आणि तलासरी तालुक्यांत, हा क्रम उलटा लागला. तिथे सगळ्यात आधी देवाचं चित्र होतं. त्यातून एका माणसाने स्वतःचं चित्र काढलं, आणि ऑर्डरीचं चित्र त्यानंतर आलं. आज डहाणूतला वारली चित्रकार सकाळी रिसॉर्टची भिंत रंगवतो, संध्याकाळी आपल्या कापडावर बसतो आणि पाड्यात लग्न निघालं की घरातल्या भिंतीवर चौक लिहिलेला पाहतो.

या चौकापासूनच सुरुवात करायला हवी. वारल्यांचं घर कुडाचं असतं. कारवीच्या काठ्या उभ्या करून त्यावर माती आणि शेणाचा लेप द्यायचा, वर गेरूचा हात फिरवायचा. लग्नघरात अशा भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. मधोमध पालघट देवी, सृजनाची देवता. तिच्याभोवती चौकोनाच्या नक्षीदार कडा, बाहेर झाडं, माणसं, जनावरं, चंद्र आणि सूर्य. शेजारच्या लहान चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या देव. धवलेरी गाणी म्हणत लग्न लावते, भगत देवांना बोलावतो. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. हे चित्र विकायचं नसतं, त्यावर कोणाचं नाव नसतं, आणि भिंत पुन्हा सारवली की ते जातं. ते काढायचा मान बायकांचा. वारली चित्रकला म्हणून आज जगभर जे पोचलं आहे त्याचा पाया या बायकांच्या हातांनी घातलेला आहे, आणि त्यांची नावं आपल्याकडे नोंदलेली नाहीत. बाजार आला तेव्हा ‘कलाकार’ म्हणून पुढे आले ते बहुतेक पुरुष. या कलेच्या इतिहासातला हा मोठा अन्याय आहे, आणि तो अजून पुरता भरून निघालेला नाही.

जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म १९३४ साली तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. सातव्या वर्षी आई गेली आणि मुलाचं बोलणंच थांबलं, असं त्यांच्याबद्दल सांगतात. काही सांगायचं असलं की तो धुळीत बोटाने चित्र काढायचा. पुढे वयाच्या अकराव्या वर्षी तो डहाणू तालुक्यातल्या गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावर आला आणि तिथेच आयुष्यभर राहिला. लग्नाचा चौक बायकांनी लिहायचा आणि तोही लग्नापुरताच, अशी रीत असलेल्या समाजात हा पुरुष लग्न नसतानाही रोज चित्र काढत होता. कोणी सांगितलेलं नव्हतं, कोणी पैसे देणार नव्हतं. माझ्या मते म्हशांच्या पुढच्या सगळ्या कामाचं मूळ इथेच आहे.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर फिरले. हेच कुलकर्णी त्याआधी, १९६६-६७च्या बिहारच्या दुष्काळात, पुपुल जयकरांच्या सांगण्यावरून मधुबनीला गेले होते आणि तिथल्या बायकांना भिंतीवरची चित्रं कागदावर काढायला देऊन त्यांच्या हाताला काम मिळवून देत होते. डहाणूतही त्यांनी कागद वाटले. म्हशांच्या हातात कागद आला आणि भिंतीवर पुसलं जाणारं चित्र टिकू लागलं, प्रवास करू लागलं. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांचं प्रदर्शन झालं. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी फ्रान्समधल्या मांताँ शहरात चित्रं लागली. १९८९ साली पॅरिसच्या ‘मॅजिसियें द ला तेर’ या गाजलेल्या प्रदर्शनात जगभरच्या शंभराच्या आसपास कलावंतांत कळंबीपाड्याचे म्हसे होते. २००३ साली जर्मनीत ड्यूसेलडॉर्फला आणि पुढच्या वर्षी मिलानला त्यांची चित्रं रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंताच्या कामाशेजारी मांडली गेली. लाँग हा माळरानावर चालत जाऊन दगड-मातीच्या रेषा आणि वर्तुळं रचणारा माणूस, आणि म्हसेही माती आणि रेषा यांच्यातूनच चित्र उभं करणारे. २००९ साली नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाऊस पुरस्कार, २०११ साली पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी ते गेले.

पुरस्कारांच्या यादीत त्यांचं मोठेपण पुरतं दिसत नाही. ते दिसतं चित्रात. वारली माणूस म्हणजे टोकाशी टोक जुळलेले दोन त्रिकोण. वरचा छातीचा, खालचा कमरेचा, डोकं म्हणजे गोल, हातपाय म्हणजे साध्या रेषा. हे सूत्र कोणालाही पाच मिनिटांत शिकता येतं, म्हणूनच ते शाळेच्या भिंतींवर आणि कुर्त्यांच्या काठांवर पसरलं. पण दोन त्रिकोण जिथे टेकतात तो बिंदू किंचित सरकवला की माणूस वाकतो, धावतो, ओझं उचलतो, थकतो. तो बिंदू कुठे ठेवायचा हे म्हशांना जसं कळलं तसं फार थोड्यांना कळलं. त्यांच्या एका प्रसिद्ध विषयात मासेमारीचं जाळं जवळजवळ सबंध चित्र व्यापतं. बारीक, सलग, थरथरती रेषा एकेक डोळा विणत जाते आणि जाळ्याच्या पोटात मासे चमकतात. त्या जाळ्यासमोर उभं राहिलं की चित्रकार किती वेळ बसला असेल हे कळतं आणि त्याला उठायची घाई नव्हती हेही कळतं. तेवढा वेळ कोणत्याच ऑर्डरीत बसत नाही.

म्हशांच्या यशाने गंजाड आणि आसपासच्या पाड्यांत चित्र हा व्यवसाय झाला. त्यांची मुलं, सदाशिव आणि बाळू, चित्रकार झाली. त्यांच्या मागून दुसऱ्या-तिसऱ्या पिढीतली कितीतरी मुलं या कामात आली. हे चांगलंच झालं. ज्या भागातली माणसं पावसाळ्यानंतर वीटभट्टीवर, वाड्यांवर किंवा सीमेपलीकडे वापी-उमरगावच्या कारखान्यांत मजुरीला जातात, तिथे घरी बसून हातच्या कसबावर चार पैसे मिळणं ही साधी गोष्ट नाही. व्यावसायिक कामाकडे नाक मुरडणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

पण ऑर्डरीचं काम चालतं कसं तेही पाहावं लागेल. भिंतीचं मोल बहुतेक वेळा चौरस फुटावर ठरतं. मांजरपाटाच्या कापडाला गेरू किंवा शेणाचा हात दिलेला असतो, पांढऱ्या रंगात फेव्हिकॉल मिसळलेला असतो, लिहायला बांबूची चावून मऊ केलेली काडी किंवा बारीक ब्रश. इथवर सगळं चित्रकाराच्या हातात असतं. मग फोनवर नमुना येतो. मधे तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती नाचणाऱ्यांचं वेटोळं, एका कोपऱ्यात झोपडी, दुसऱ्यात ताडाचं झाड. तारप्याचा नाच ही वारली जगण्यातली खरी, मोलाची गोष्ट आहे. भाताचं पीक घरी येण्याच्या दिवसांत तारपा घुमतो तेव्हा रात्ररात्र पाय थांबत नाहीत. पण तेच वेटोळं ट्रेवर, दिव्यावर, लग्नपत्रिकेवर आणि किल्लीच्या गोफावर शेकडो वेळा काढायला लागलं की हाताला ते पाठ होतं, आणि मन चित्रातून निघून जातं. २०१० साली एका बहुराष्ट्रीय शीतपेय कंपनीने दिवाळीच्या जाहिरातीत वारली आकृत्या वापरल्या, आणि या चित्रभाषेला बाजारात किती मोल आहे हे सगळ्यांना दिसलं. ते मोल पाड्यावर किती पोचतं, हा प्रश्न तेव्हाही होता, आजही आहे.

वारली चित्राला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यासाठी आदिवासी युवा सेवा संघाने पाठपुरावा केला होता. डहाणू-घोलवडच्या चिकूला हे मानांकन दोन वर्षांनी मिळालं, म्हणजे इथलं चित्र इथल्या फळाच्याही आधी नोंदलं गेलं. मानांकनामुळे ‘वारली’ हे नाव कोणी वापरायचं याला कायद्याचा आधार मिळतो. मात्र ते समूहाला मिळतं. एकट्या चित्रकाराची रेषा, त्याची रचना, त्याचं नाव जपणं हे वेगळं काम आहे, आणि तिथे अजून बरंच व्हायचं आहे. यंत्रावर छापलेला ‘वारली प्रिंट’ आणि हाताने लिहिलेलं चित्र दुकानात शेजारी शेजारी टांगलेले असतात.

तरीही ऑर्डरीतून स्वतःच्या चित्राकडे जाणाऱ्या वाटा गंजाडच्याच चित्रकारांनी काढल्या आहेत. राजेश चैत्या वांगड यांचं काम मला यात फार महत्त्वाचं वाटतं. २०१३ पासून त्यांनी छायाचित्रकार गौरी गिल यांच्याबरोबर ‘फील्ड्स ऑफ साइट’ ही मालिका केली. गिल गंजाड परिसराची कृष्णधवल छायाचित्रं घेतात, त्यात अनेकदा वांगड स्वतः उभे असतात. मग त्या छायाचित्रावर ते शाईने लिहितात: त्या जागी काय घडलं, पूर्वी तिथे कोणतं झाड होतं, देव कुठून आले, कोणाला कोणी मारलं, कारखाने कसे वाढले. कॅमेऱ्याला रिकामी दिसणारी टेकडी त्यांच्या रेषांनी माणसांनी आणि आठवणींनी भरून जाते. तंत्र पिढीजात आहे, आकृत्या त्याच आहेत, पण सांगणारा माणूस ‘हे मी पाहिलं’ म्हणतो आहे.

रमेश हेंगडी आणि शांताराम धडपे यांची वाट पुस्तकाची. चेन्नईच्या तारा बुक्सने २००९ साली त्यांच्या चित्रांचं ‘डू!’ हे मुलांचं पुस्तक काढलं. प्रत्येक पानावर एखादी क्रिया आणि ती करणारी माणसं, प्राणी, पक्षी, जाड तपकिरी कागदावर पांढऱ्या रंगात हाताने छापलेले. हे कामही प्रकाशकाने दिलेलंच, पण त्यात चित्रकाराच्या पाड्याचं सगळं जगणं उतरलं, आणि चित्रकारांची नावं मुखपृष्ठावर आली. दिलेलं काम आणि आपलं काम एकमेकांचे वैरी असतात असं नाही, देणारा कोण आणि तो किती मोकळीक देतो यावर बरंच ठरतं. तुषार आणि मयूर वायेडा हे गंजाडचेच भाऊ. त्यांची चित्रं २०२१ साली ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या आशिया-पॅसिफिक त्रैवार्षिक प्रदर्शनात मांडली गेली. जमीन, पाणी, बीज, देव यांच्या वारली कथा ते मोठ्या कापडांवर सांगतात.

आणि सांगण्यासारखं इथे किती आहे! याच तलासरी तालुक्यातल्या झरी गावात २३ मे १९४५ रोजी हजारो वारली जमले आणि वेठबिगार करणार नाही म्हणाले. गोदावरी परुळेकरांनी त्या उठावाची हकिगत ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहिली आहे. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा दर चैत्रात भरते. डहाणूच्या खाडीवर औष्णिक वीज केंद्र आहे. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित आहे, आणि जून २०२४ मध्ये केंद्र सरकारने इथल्याच किनाऱ्यावर वाढवण बंदराला मंजुरी दिली. बुलेट ट्रेनचा मार्ग तलासरी आणि डहाणूतूनच जातो. हे सगळं ज्याच्या घरासमोर घडतं आहे त्या चित्रकाराच्या फोनवर ऑर्डर येते ती मात्र तारप्याच्या वेटोळ्याची.

इथे गिऱ्हाइकाची, म्हणजे आपली, जबाबदारी सुरू होते. शहरातला चित्रकार ऑर्डर नाकारू शकतो, कारण त्याच्याकडे दुसरा काही आधार असण्याची शक्यता असते. पाड्यावरच्या चित्रकाराला नाही म्हणणं परवडत नाही. म्हणून मोकळीक त्याने मागावी अशी अपेक्षा न ठेवता ती आपण देऊ केली पाहिजे.

या दिवाळीत वारली चित्र घ्यायचं असेल तर डहाणूला जा, गंजाडला जा. छापील प्रिंट बाजूला ठेवा आणि हाताने लिहिलेलं चित्र, चित्रकाराच्या सहीसकट, त्याच्याच हातून घ्या. चित्र काढणारी घरातली बाई असेल तर सही तिची घ्या. भिंत रंगवून घ्यायची असेल तर फोनवर नमुना पाठवू नका. आगाऊ रक्कम द्या, मुदत ऐसपैस ठेवा आणि विचारा, ‘तुम्हाला काय काढायचंय?’

मग ते जे काढतील त्याचे पूर्ण पैसे द्या, घासाघीस न करता.