ग्रास कटर चालविताना कानांची काळजी

पाऊस ओसरला की रत्नागिरी जिल्ह्यातील आंबा-काजूच्या बागांत बेणणीसाठी ग्रास कटर सुरू होतात. चालकाच्या कानाशी या यंत्राचा आवाज सहज ९० डेसिबलच्या वर जातो. ८५ डेसिबल आवाजात दिवसाला ८ तास काम ही सुरक्षित मर्यादा मानतात. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे ९४ डेसिबलला फक्त १ तास! अंतर्कर्णातील नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत.

कापसाचा बोळा पुरेसा नाही. स्पंजाचे इअर प्लग वापरावेत. स्वच्छ हातांनी प्लग वळून बारीक करावा. दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर व मागे ओढावा. प्लग आत सरकवून तो फुगेपर्यंत, साधारण अर्धा मिनिट, बोटाने धरून ठेवावा.

आता प्लग नीट बसला का, हे तपासावे. सहकाऱ्याला यंत्र सुरू करण्यास सांगून आपले दोन्ही कान तळहातांनी झाकावेत. आवाज आणखी बराच कमी झाला, तर प्लग सैल आहे. तो पुन्हा बसवावा. मजुरीने यंत्र चालविणाऱ्यासही प्लग द्यावेत. कामानंतर कानात गुणगुण राहत असल्यास डॉक्टरांकडून कान तपासून घ्यावेत.