एका पुटकुळीपुरतं औषध

त्वचेशी हितगुज : भाग 7

तेलकट त्वचेवरचा मागचा लेख वाचून आलेल्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा होती. एका बाईंनी ती अशी मांडली : "वय अडतीस. मुलगी नववीत. मुरूम यायचे ते तिला, तर तिचा चेहरा नितळ आणि दर महिन्याला हनुवटीवर एक पुटकुळी मला! एवढ्याशा गोष्टीसाठी डॉक्टरकडे जायची लाज वाटते. हिला लावू तरी काय?"

प्रश्न रास्त आहे. चेहराभर मुरूम असले की माणूस कधी ना कधी डॉक्टरची पायरी चढतो. महिन्याकाठी एखादीच पुटकुळी येणारा मात्र मेडिकलमध्ये जातो, "पिंपलचं काहीतरी द्या" म्हणतो आणि मिळेल ती ट्यूब घेऊन घरी येतो. पुटकुळी कसली, हे देणारा विचारत नाही आणि घेणाराही सांगत नाही.

सकाळी आरशात दिसलेली पुटकुळी त्या सकाळची नसते. केसाच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. तिथलं तेल आणि झडलेल्या पेशी मिळून छिद्रात बूच बसतं आणि हे काम डोळ्यांना दिसण्याच्या कित्येक आठवडे आधी सुरू झालेलं असतं. त्या बुचामागे क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस नावाचे जिवाणू वाढतात. एरवी ते आपल्या त्वचेवर गुण्यागोविंदानं राहतात, पण बंद छिद्रात त्यांची संख्या वाढली की शरीर त्यांच्यावर तुटून पडतं. मग लाली, ठणका, पू. म्हणून 'रात्री लावा, सकाळी गायब' असं खोक्यावर छापलेलं दिसलं, तर ती जाहिरात समजावी. पुटकुळीवर लावायच्या औषधाकडून अपेक्षा दोनच ठेवाव्यात : ती चिघळू नये आणि मागे डाग राहू नये. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत दुसरी अपेक्षा पहिलीपेक्षा मोठी. पुटकुळी आठवड्यात जाते, तिचा काळा डाग मात्र महिनोन्‌महिने मुक्काम ठोकतो. आणि हा डाग पुटकुळीइतकाच तिच्यावर केलेल्या जहाल उपचारांनीही पडतो.

आता पुटकुळीकडे नीट बघा. लाल आहे, दुखते आहे, टोकाला पू धरू लागला आहे? मग बेंझॉइल पेरॉक्साइड. गंमत म्हणजे हेच रसायन मैदा पांढराशुभ्र करायलाही वापरतात. छिद्रात गेल्यावर ते ऑक्सिजन मोकळा करतं आणि ऑक्सिजन नकोसा असलेले हे जिवाणू मरतात. या औषधाला जिवाणू सरावत नाहीत, हा त्याचा सर्वांत मोठा गुण. ते अडीच, पाच आणि दहा टक्क्यांत मिळतं आणि ग्राहक साहजिकच मोठा आकडा मागतो. पण 1986 साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत लाल पुटकुळ्यांवर अडीच टक्क्यांचं जेल पाच आणि दहा टक्क्यांच्या बरोबरीनं चाललं, आणि आग, सोलवटणं दहा टक्क्यांपेक्षा कमी झालं. तेव्हा अडीच टक्केच मागा. चेहरा धुऊन कोरडा झाल्यावर मोहरीएवढं जेल फक्त पुटकुळीवर, आधी दिवसातून एकदाच. पहिल्यांदा वापरत असाल तर जबड्याखाली थोडं लावून दोन दिवस वाट पाहा, कारण काहींना त्याची अ‍ॅलर्जी असते.

आणि जुना टॉवेल वापरा. हे मी अनुभवानं सांगते आहे. आमच्या घरच्या गर्द निळ्या उशीच्या अभ्र्यावर फिकट केशरी ठिपक्यांची जी नक्षी आहे, ती या जेलचीच करणी. कपड्याचा रंग ते कायमचा उडवतं.

या औषधाबद्दल मध्यंतरी एक भीती पसरली होती, तिचंही सांगून टाकते. उष्णतेनं बेंझॉइल पेरॉक्साइडचं विघटन होऊन बेंझिन हे कर्करोगकारक द्रव्य तयार होऊ शकतं, असं 2024 मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेनं मांडलं. तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं मग 95 उत्पादनं तपासली. नव्वद टक्क्यांहून अधिक उत्पादनांत बेंझिन सापडलं नाही किंवा अगदी नगण्य सापडलं. मोजकी काही उत्पादनं 2025 मध्ये परत मागवली गेली. घाबरायचं कारण नाही. पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात ट्यूब गाडीत किंवा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवू नका आणि मुदत संपलेली फेकून द्या.

पुटकुळी लाल नाही, नुसती बारीक टणक पुरळ आहे किंवा नाकावर काळे ठिपके आहेत, तर सॅलिसिलिक अ‍ॅसिड, दोन टक्क्यांपर्यंत. ते तेलात विरघळतं, त्यामुळे तेलकट छिद्रात शिरून बूच सैल करतं. काम सावकाश करतं, एका रात्रीत काही दिसणार नाही.

पू वर येऊन पांढरं तोंड दिसतंय, किंवा नको म्हणत असताना तुम्ही ती फोडलीच आहे, तर हल्ली मिळणारी पारदर्शक चकती उत्तम. हायड्रोकोलॉइड हे मुळात जखमेवरच्या पट्टीचं साहित्य. ओल शोषून घेऊन ते फुगतं आणि सकाळी चकती पांढरी दिसते. तिचा खरा उपयोग मला वेगळाच वाटतो : तुमची नखं तिथं पोचत नाहीत.

राहिली ती खोल, तोंड नसलेली, दाबलं की डोळ्यांत पाणी आणणारी गाठ. पत्र लिहिणाऱ्या बाईंची बहुधा हीच. पाळीच्या आधी हनुवटी-जबड्यावर येते. वरून लावलेलं औषध तिच्यापर्यंत फारसं पोचत नाही. फडक्यात बर्फ गुंडाळून थोडा वेळ धरा, ठणका उतरेल. घरात लग्नकार्य असेल तर त्वचारोगतज्ज्ञ त्या गाठीत अगदी सौम्य इंजेक्शन देतात आणि ती लवकर बसते. एवढ्याशा गोष्टीसाठी जायला लाज वाटण्याचं कारण नाही. पाळी अनियमित असेल, ओठांवर-हनुवटीवर राठ केस येत असतील, तर मात्र जायलाच हवं. तिथं प्रश्न पुटकुळीचा नसून संप्रेरकांचा असू शकतो.

आता घरगुती उपायांकडे. सहाणेवर उगाळलेलं जायफळ आपल्यापैकी कितीजणींनी रात्री पुटकुळीवर लावलं असेल! हा विषय जुनाच आहे. सुश्रुतसंहितेत याला मुखदूषिका म्हटलं आहे आणि सावरीच्या काट्याची उपमा दिली आहे. काटेसावरीच्या खोडावरचे काटे ज्यांनी पाहिलेत त्यांना ती लगेच पटेल. लेपांची परंपराही तेवढीच जुनी. जायफळानं कुणाला बरं वाटत असेल तर मी भांडणार नाही. फक्त आग झाली की लगेच धुऊन टाका. लिंबाच्या बाबतीत मात्र मी भांडेन. लिंबाचा रस त्वचेला जाळण्याइतका आंबट असतो, आणि तो लावून उन्हात गेलात तर भाजल्यासारखे काळे चट्टे उठतात. टूथपेस्ट दातांसाठी असते, यापलीकडे तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. टी ट्री ऑइलची बाजू जरा बरी. 1990 मध्ये ऑस्ट्रेलियात 124 जणांवर झालेल्या चाचणीत पाच टक्क्यांचं टी ट्री जेल आणि पाच टक्क्यांचं बेंझॉइल पेरॉक्साइड दोन्ही उपयोगी ठरली. टी ट्री हळू चाललं, पण त्रास कमी झाला. पाच टक्के लक्षात ठेवा, निव्वळ तेल बाटलीतून थेट लावू नका.

महिन्याला एकाच्या जागी चार-पाच येऊ लागल्या तर ठिपक्या-ठिपक्यांनी औषध लावण्यात अर्थ उरत नाही, कारण पुढच्या पुटकुळीचं बूच शेजारच्या छिद्रात आधीच बसलेलं असतं. मग डॉक्टरांना विचारून अडॅपलीनसारखं औषध रात्री त्या सगळ्या भागावर दोन-तीन महिने लावावं लागतं. गरोदरपणात ते चालत नाही. तेव्हा अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिडचा पर्याय असतो आणि त्यानं डागही फिके होतात. कपाळावरच येत असतील तर आधी केसांना चोपडलेल्या तेलाकडे बघा.

शेवटी पुन्हा मेडिकलकडे. तिथं सर्रास हाती पडणाऱ्या दोन प्रकारच्या ट्यूब आहेत. एक क्लिंडामायसिनची. हे प्रतिजैविक आहे. पुटकुळी आली की ते एकटंच थोडं थोडं लावत राहिलं तर जिवाणू त्याला सरावतात, म्हणून ते बेंझॉइल पेरॉक्साइडच्या जोडीनंच वापरायचं असतं. दुसरी ट्यूब याहून वाईट, स्टेरॉइडची. तिनं पुटकुळीची लाली दोन दिवसांत ओसरते, म्हणून ती 'लागू पडली' असं वाटतं आणि मैत्रिणीलाही सुचवली जाते. काही आठवड्यांत त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या दुपटीनं येतात आणि ट्यूब बंद केली की चेहरा पेटतो. हे इतकं वाढलं की भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं त्याविरुद्ध कृतिदल नेमलं आणि 2018 मध्ये केंद्र सरकारनं अशा अनेक क्रीमची चिठ्ठीशिवाय होणारी विक्री बंद केली. कागदावर.

म्हणून ट्यूब हातात आली की पैसे द्यायच्या आधी मोबाइलचा दिवा लावून मागची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांतलं एकही नाव दिसलं, तर ट्यूब काउंटरवर परत ठेवा.